तीन पदव्यांचा उमेदवार

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज ठरलं. नोंदणी अधिकाऱ्याच्या जागेसाठी मी उभा राहणार. जन्म, मृत्यू, लग्नं आणि घरं यांची नोंद ठेवणारी ही आपल्या गावची कचेरी. तिचा प्रमुख दर पाच वर्षांनी मतदानाने निवडतात. आताचे साहेब तीस वर्षं निवडून येत होते, कारण समोर कोणी उभंच राहत नव्हतं. या वेळी ते थांबताहेत.

माझ्याकडे तीन पदव्या आहेत. त्यातली एक लोकप्रशासनातली, म्हणजे नेमकी याच कामाची. तरी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला की घरी. पुढच्या सत्रात बोलावतील की नाही, ते सत्र उघडल्यावर कळतं. एकोणीस वर्षं असंच चाललंय. पदवीला कुठेतरी किंमत असते हे मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. हे फक्त इथेच लिहितो, बाहेर मी "समाजासाठी" असं सांगणार आहे.

बायकोला सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, त्यामुळे माणसाकडेही मान तिरकी करून बघते. तशी बघत म्हणाली, "अहो, पण तुम्हाला ते काम येतं का?" मी म्हणालो, काम खालचे लोक करतात, प्रमुखाने दृष्टी द्यायची असते. त्यावर ती म्हणाली की दृष्टी आम्हीही देतो, पण आधी नंबर तपासून.

आईने एवढंच विचारलं की खुर्ची फिरणारी आहे का.

१० फेब्रुवारी, सोमवार

विरोधात कोण, तर काउंटरवाल्या ताई! कचेरीत साहेब वरच्या मजल्यावर बसत आणि खाली काउंटरवर या बाई, गेली बावीस वर्षं. अख्खं गाव त्यांना ताई म्हणतं, त्यांच्याहून वयाने मोठे लोकसुद्धा. शिक्षण दहावी. अर्जात त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलंय, तेही ठळक अक्षरात. मला त्या रकान्यासाठी वेगळा कागद जोडावा लागला.

अर्ज द्यायला गेलो तो त्यांच्याच काउंटरवर. दुसरं काउंटर नाहीच. मी प्रमाणपत्रांच्या अकरा प्रती पुढे सरकवल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे माझी सही राहिली होती. मग म्हणाल्या, "सर, पत्ता पण जुना पडलाय. यादीत तुम्ही नव्या घरी आहात. असाच गेला तर उद्या बाद करतील." पाचला खिडकी बंद होते आणि पाचला सात मिनिटं कमी होती. मी दुरुस्त करून दिला.

बारीकसारीक गोष्टींत नजर अडकवून ठेवायची, हीच या लोकांची खोड. मोठं चित्र दिसतच नाही.

घरी हे गमतीने सांगितलं. बायको पोळपाट पुसत होती, ती थांबली. "त्या गप्प बसल्या असत्या तर बिनविरोध निवडून आल्या असत्या," म्हणाली. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण नियमानुसार त्यांना चूक दाखवावीच लागली असणार.

(नंतरची नोंद: नियम पाहिला. तसा नियम नाही.)

१२ फेब्रुवारी, बुधवार

समोरच्या उमेदवाराच्या अर्जाची प्रत मागता येते. हे कलम गावात बहुधा मला एकट्यालाच ठाऊक आहे. जाऊन घेऊन आलो.

ताईंच्या अर्जाला राजीनामा जोडलेला आहे! कलम तेवीस उघडून बघितलं, तर खरंच तसं आहे. कचेरीतला नोकर निवडणुकीला उभा राहिला तर त्याने अर्जासोबत नोकरीचा राजीनामा द्यायचा. निकालाच्या दिवशी तो लागू होतो. जिंकला काय, हरला काय, जुनी नोकरी गेली. म्हणजे निकालापर्यंत ताई काउंटरवर बसणार आणि हरल्या तर थेट घरी.

पत्र हाताने लिहिलेलं, चार ओळींचं आहे. सवयीने मी लाल पेन हातात घेऊन वाचलं. एकही चूक सापडली नाही.

आता या बाई हे पत्र गावभर मिरवणार आणि सहानुभूती गोळा करणार. त्यावर उत्तर तयार ठेवलं पाहिजे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रचाराचा श्रीगणेशा. जाहीरनामा छापून आला. वचन क्रमांक एक: नोंदणी कचेरीत यापुढे फक्त पदवीधरच नेमले जातील. पोस्टरवर पदवीदान समारंभातला माझा झगा घातलेला फोटो आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी केशकर्तनालय आहे, तिथल्या न्हावीदादांनी माझा प्रचारप्रमुख व्हायचं कबूल केलंय. पहिलं पोस्टर त्यांच्याच आरशाशेजारी लागलं.

आईला मोतीबिंदूमुळे धूसर दिसतं. तिने पोस्टर डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "केस कापायला बसलायस तोच फोटो का दिलास?"

२३ फेब्रुवारी, रविवार

घरोघरी फिरलो. प्रतिसाद थक्क करणारा! पाण्याच्या टाकीजवळचे म्हातारे गवंडी तर मला बोलूच देईनात. "सर, मत तुम्हालाच. ताईंना तिथून हलवून कसं चालेल?" बेकरीवाल्या मावशींनी जवळजवळ हेच सांगितलं. पुढच्या गल्लीतही तीन घरी हेच ऐकलं. प्रत्येकाची जागा कोणती, हे सामान्य माणसाला बरोब्बर कळतं. आम्हा शिकलेल्यांनाच उगीच शंका असतात.

न्हावीदादांनी दिवसभरात बारा गिऱ्हाइकांना विचारलं. अकरा जण माझ्या बाजूने. बारावा दाढी करताना झोपला होता.

२ मार्च, रविवार

शाळेच्या सभागृहात दोन्ही उमेदवारांची जाहीर सभा. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे होते.

पहिला प्रश्न: दाखला किती दिवसांत मिळेल? मी नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा उगम प्राचीन काळापासून मांडायला घेतला. बारा मिनिटांत मी मध्ययुगापर्यंत आलो तेव्हा सूत्रसंचालकांनी चिठ्ठी पाठवली. ताई म्हणाल्या, "अकराला या, चारला न्या. गर्दी असली तर दुसऱ्या दिवशी." टाळ्या त्यांना जास्त पडल्या, हे प्रांजळपणे लिहायला हवं.

मग कोणीतरी विचारलं की या जागेसाठी पदवी लागते का. मी लागते म्हणालो आणि सहा कारणं दिली. ताई माईकपासून जरा लांबच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पदवी मिळाली असती तर मला आवडलंच असतं. नाही घेता आली. वरच्या खुर्चीला ती लागते का, मला सांगता येणार नाही. खाली काय लागतं ते माहीत आहे. एका सहीसाठी मी रोज एकवीस पायऱ्या चढते, आणि वर गेल्यावर खालचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. वरच्याला खालचं ठाऊक असावं, म्हणून उभी आहे."

राजीनाम्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी तयार केलेलं उत्तर खिशातच राहिलं.

बाहेर पडताना ज्यांनी त्यांना टाळ्या वाजवल्या होत्या तेच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काळजी करू नका सर, मत तुम्हालाच." मला याची संगती लागली नाही. पण मतदाराचं मन हा माझा विषय नव्हता.

९ मार्च, रविवार

आज एक गोष्ट घडली, ती लिहून टाकतो.

बेकरीत पाव घेत होतो. तिथे एक बाई मावशींना म्हणाल्या की ताई हरतील म्हणून जीव जरा हळहळतो. मावशी म्हणाल्या, "हरल्या तर काय होतंय? सोमवारी काउंटरवर आहेतच की. जिंकल्या तर मात्र आपली पंचाईत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. राजीनाम्याचं कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी एकालाही सांगितलेलं नाही. गावात हे फक्त त्यांना आणि मला माहीत आहे.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. मावशींनी विचारलं, "आणखी काही हवं?" मी टोस्ट मागितले.

कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं दुपारपासून मी स्वतःला सांगतोय. अर्ज सार्वजनिक आहे, ज्याला हवा त्याने बघावा. लोकप्रशासनाच्या पुस्तकात यावर एक प्रकरण होतं. त्याचं नाव आठवत नाही. बहुतेक मी ते ऐच्छिक म्हणून सोडलं होतं.

संध्याकाळी बायकोला सांगावं असं मनात आलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "आईंनी आणि मी बोलून ठरवलंय. आमची दोन्ही मतं तुम्हालाच." एकोणीस वर्षांत माझ्या पदव्यांबद्दल ती एकदाही चांगलं बोलली नव्हती. मला इतकं भरून आलं की बाकीचं राहूनच गेलं.

१७ मार्च, सोमवार

जिंकलो. दोन हजार तीनशे सोळा विरुद्ध नऊशे चार. कॉलेजातल्या कोणालाही कधी इतकी मतं पडलेली नाहीत.

ताई अभिनंदन करायला आल्या. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्या हातात दिला. तो दिल्यावर रिकाम्या हाताचं काय करावं हे त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी टेबलावरचं आपलं पाण्याचं भांडं उचललं आणि गेल्या. मला आनंद झालाय, खूप झालाय. तरी ते भांडं डोळ्यांसमोरून जात नाही.

२४ मार्च, सोमवार

कामाचा पहिला दिवस. खुर्ची फिरते. आईला सांगितलं.

दहा वाजता खाली गलका ऐकू आला. पंधरा-वीस जण रिकाम्या काउंटरपुढे उभे होते. ताई कुठे, हा एकच प्रश्न. मी पायरीवर उभं राहून कलम तेवीस समजावून सांगितलं. न्हावीदादांनी मागून विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं, सर?" मी म्हणालो, अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, कोणालाही बघता आलं असतं. लोक एकेक करून निघून गेले. कायद्याबद्दल आपल्याकडे किती अज्ञान आहे, हे पुन्हा जाणवलं.

आदेश क्रमांक एक काढला: काउंटरवरील मदतनीस पदवीधर असणे अनिवार्य. वचन म्हणजे वचन.

परतताना केशकर्तनालयात माझं पोस्टर दिसलं नाही. रंगकाम काढलंय, असं न्हावीदादा म्हणाले. रंगाचा डबा मात्र कुठे दिसला नाही.

३ एप्रिल, गुरुवार

नवे मदतनीस वनस्पतिशास्त्राचे पदवीधर आहेत, पन्नाशीचे सज्जन गृहस्थ. जुन्या कागदांची धूळ त्यांना सोसत नाही. एका दाखल्यामागे दहा शिंका.

मी शोध-अर्जाचा नवा नमुना तयार केला. पहिलाच रकाना: जन्मतारीख. गवंडीबुवा पेन्शनसाठी जन्माची नोंद काढायला आले होते. त्यांनी नमुना बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "तारीख माहीत असती तर मी इथे कशाला आलो असतो?" हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

दुसरी अडचण जास्त मोठी. चाळीस वर्षांपूर्वीपर्यंतची जन्माची रजिस्टरं तारखेने लावलेलीच नाहीत. ती लावलीत सुइणींप्रमाणे! त्या काळी प्रत्येक सुईण अधूनमधून कचेरीत येऊन आपल्या हातून झालेल्या बाळंतपणांची यादी सांगायची आणि कारकून ती तिच्या वहीत उतरवायचा. एका सुईणीच्या वह्या लाल पाठीच्या, दुसरीच्या हिरव्या, तिसरीच्या काळ्या. बाळ कधी झालं याहून कोणाच्या हातून झालं, यावर सगळी मांडणी. म्हणून ताई काउंटरवर प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारत, "तुम्ही कोणाच्या हातचे?" मला तो प्रश्न तेव्हा गावंढळ वाटला होता.

या आठवड्यात एकेचाळीस अर्ज आले. तीन नोंदी सापडल्या. त्यातल्या दोन चुकीच्या माणसांच्या होत्या.

११ एप्रिल, शुक्रवार

वनस्पतिशास्त्र नोकरी सोडून गेलं. डॉक्टरांनी त्यांना मोकळ्या हवेत राहायला सांगितलंय. आता काउंटरवर मीच बसतो आणि सहीसाठी मीच वर जातो.

पण एक आनंदाची बातमी! चार दिवसांपासून लोक तयारीने येऊ लागलेत. हातात चिठ्ठी असते: लाल पाठीचं सातवं, पान साठ, वरून चौथी ओळ. उघडलं की नोंद तिथेच. आज सव्वीस दाखले दिले. गवंडीबुवांचाही दिला. "आपली नोंद, आपली जबाबदारी" हे माझं पत्रक मी गेल्या आठवड्यात वाटलं होतं, त्याचा हा परिणाम दिसतो. योग्य मार्गदर्शन मिळालं की जनता शहाणी होते.

सगळ्या चिठ्ठ्यांतलं अक्षर सारखंच सुबक आहे, हेही कौतुकास्पद.

१५ एप्रिल, मंगळवार

आता घरचंच काम निघालं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सत्तरी ओलांडलेल्यांना इस्पितळात आधी घेतात. यादी पंचवीस तारखेला बंद होणार, मग पुढची वर्षभराने. आईला वर्षभर थांबवून चालणार नाही. परवा ती उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचली. पण तिच्या वयाचा पुरावा कधीच काढलेला नाही.

"घरात नोंदणी अधिकारी आहे, काळजी कसली," मी म्हणालो. जन्मतारीख विचारली तर आई म्हणाली की पुलाचा कठडा पडला त्या आठवड्यात तिचा जन्म झाला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळून कठडा पडल्याची तारीख शोधली. संशोधनाची शिस्त ती हीच.

१९ एप्रिल, शनिवार

त्या महिन्याच्या सगळ्या रंगांच्या वह्या पाहिल्या. आई नाही. आधीचा महिना पाहिला, तिथेही नाही. एका दिवसात मी सव्वीस लोकांना त्यांची नोंद दिली, आणि माझ्या आईचीच चार दिवस सापडेना. ती मला आठवण करून देत नाही. आज फक्त माझा शर्ट चाचपून विचारलं, "एवढी धूळ कुठली रे?"

२१ एप्रिल, सोमवार

न्याहारीच्या वेळी बायकोने ताटाशेजारी एक चिठ्ठी ठेवली. हिरव्या पाठीचं तिसरं, पान अठ्ठेचाळीस, खालून दुसरी ओळ.

कचेरी उघडली, वही काढली. चार मिनिटं लागली. आई एकाहत्तर वर्षांची आहे. कठडा पडून पूल बंद झाला म्हणून ती सुईण दोन महिने नदीच्या अलीकडे कचेरीत येऊच शकली नव्हती, त्यामुळे नोंद पुढच्या तिमाहीत.

दाखला हातात घेऊन मी चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं. हे अक्षर मी पूर्वी लाल पेन घेऊन तपासलं होतं.

संध्याकाळी बायकोला विचारलं. ती म्हणाली, ताई आता हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसतात. बावीस वर्षांत सगळ्या वह्या त्यांना तोंडपाठ झाल्यात. लोक आधी तिथे जातात, कोणाच्या हातचे ते सांगतात, चिठ्ठी घेतात आणि मग माझ्याकडे येतात. पंधरा दिवस हे सगळ्या गावाला माहीत आहे.

माझं पत्रक कोणी वाचलं का, हे मी विचारलं नाही. दुसरंच विचारलं, की मला मत का दिलंस. ती म्हणाली, "खरं सांगू? चांगली भांडी आपण वर फळीवर ठेवतो, रोजची हाताशी. ताई हाताशी राहाव्यात म्हणून सगळ्यांनी तुम्हाला वर ठेवलं. मीही. आईंनीही. त्यांची नोकरी जाणार हे कोणाला माहीत होतं?"

मला माहीत होतं, हे मी तिला आज सांगितलं. ती चष्मा काढून पुसत बसली. ती चिडली असती तर सोपं गेलं असतं.

दोन हजार तीनशे सोळा. त्यातलं एकही माझं नव्हतं. लाज वाटते, ती नुसती हरण्याची असती तर बरी होती.

२२ एप्रिल, मंगळवार

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. माझ्यापुढे दोघे होते, एक बिजागऱ्यांसाठी, एक चिठ्ठीसाठी. मी रांगेत उभा राहिलो.

माझा नंबर आल्यावर मी ताईंना विचारलं की ते पत्र त्यांनी लोकांना का दाखवलं नाही. त्या खिळे तोलत होत्या. म्हणाल्या, "दाखवलं असतं तर कीव म्हणून मतं पडली असती. मला ती कामासाठी हवी होती." मग पारडं स्थिर होईपर्यंत थांबल्या. "तुम्हाला ठाऊक होतं ना, सर?"

"हो," मी म्हणालो. "आणि मी गप्प बसलो. माझा अर्ज बाद होणार होता तेव्हा तुम्ही गप्प बसला नव्हता."

त्यांनी खिळ्यांची पुडी बांधली. मी आदेश क्रमांक एक मागे घेतो, काउंटरवर परत या, असं मी म्हणालो. त्यांनी शांतपणे नकार दिला. त्याच एकवीस पायऱ्या चढायला त्या पुन्हा येणार नाहीत. इथेही काम वाईट नाही, म्हणाल्या. माणूस खिळा मागतो आणि खिळा घेऊन जातो.

मागच्या माणसाने विचारलं की सरांचं झालं का.

२६ एप्रिल, शनिवार

आईचं नाव यादीत लागलं. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात.

चार दिवस नियमांचं पुस्तक वाचतोय. कलम एकेचाळीस सापडलं. निवडून आलेल्या अधिकाऱ्याने साठ दिवसांच्या आत जागा सोडली तर फेरनिवडणूक होत नाही. दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळालेला उमेदवार त्या जागेवर येतो. हे कलम गावात कोणालाच माहीत नसणार. म्हणजे माझ्या पदवीचा काहीतरी उपयोग झाला.

भीती वाटते. कॉलेजातले माझे तास दुसऱ्याला दिलेत. जागा सोडली तर सोमवारपासून मी कोणीच नाही.

बायकोला कलम वाचून दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं. मग पोळी वाढली, तूप जरा जास्तच घातलं.

२८ एप्रिल, सोमवार

राजीनामा दिला. चार ओळीच हव्यात असं ठरवलं होतं. पहिला मसुदा तीन पानांचा झाला, अकराव्याला जमलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: काम येत नाही.

५ मे, सोमवार

ताईंनी जागेचा ताबा घेतला. पहिलं काम म्हणजे त्यांनी साहेबांचं टेबल खाली आणवलं. काउंटरच्या मागेच ते बसवलंय. फिरणारी खुर्ची जिन्यातून उतरेना, ती वरच राहिली.

दुपारी निरोप आला म्हणून गेलो. काउंटरवर माणूस हवा आहे, अर्ज करणार का, असं त्यांनी विचारलं. आधी वाटलं चेष्टा आहे. मी म्हणालो, तो आदेश आता तरी रद्द करा. त्या म्हणाल्या, "राहू दे की. तुम्ही पदवीधर आहात ना?" चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणाल्या. तीन महिने उमेदवारी, जमलं तर कायम.

मुलाखतीत एकच प्रश्न होता. "सर, तुम्ही कोणाच्या हातचे?"

मला सांगता आलं नाही. घरी येऊन आईला विचारलं. तिला सुईणीचं नाव, गल्ली, तिच्या दारातली पाण्याची टाकी, सगळं आठवत होतं. परत जाऊन काळ्या पाठीचं अकरावं काढलं. माझ्या जन्माच्या नोंदीखाली त्या बाईचा अंगठा आहे. सही करता येत नव्हती तिला. तो अंगठा मी बराच वेळ बघत राहिलो.

३० मे, शुक्रवार

आईच्या डोळ्याची पट्टी निघाली. तिने आधी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. नंतर कपाटामागचं पोस्टर मागून घेतलं आणि नीट निरखून पाहिलं. "आता स्वच्छ दिसतंय," म्हणाली. "तरी केस कापायलाच बसलायस."

८ जुलै, मंगळवार

काउंटरवर दोन महिने झाले. कोणत्या गल्लीत कोणती सुईण जायची, अशा आठ गल्ल्या पाठ झाल्या, तीन राहिल्यात. ताईंना चार मिनिटं लागतात, मला वीस. सुरुवातीला चाळीस लागायची. ज्यांच्या नोंदीला तारीख नाही त्यांच्यासाठी मी एक यादी बनवतोय: कठडा कधी पडला, टाकी कधी फुटली, गिरणीचा भोंगा तीन दिवस अडकला तो कधी. जुनी वर्तमानपत्रं वाचायची सवय इथे कामाला येते. परवा ताईंनी माझ्याकडून ती यादी मागून घेतली आणि आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली.

आज गवंडीबुवा बायकोची नोंद काढायला आले. लाल की हिरव्या, याबद्दल ते ठाम नव्हते. त्या काळात त्यांच्या सासरवाडीला कोणती सुईण जायची ते मी विचारलं, दोन वह्या काढल्या, दुसऱ्या वहीत मिळाली. वीस मिनिटंही लागली नाहीत. मी दाखला लिहायला घेतला.

ते काउंटरवर कोपरं टेकून बघत होते. मग जरा पुढे वाकले आणि ताईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पुढच्या निवडणुकीला उभे राहू नका हं, सर. आणि राहिलात तरी माझं मत धरू नका. तुम्हाला इथून हलवून कसं चालेल?"

मी मान वर केली नाही. शिक्का तिरका पडला आणि शाई पसरली, म्हणून त्यांना दाखला दुसरा लिहून दिला.